काठीकडे पाठ केलेलं अस्वल

प्रिय फ्रेनी,

मी सुखरूप पोचलो, जेवणखाण झकास आहे. आपल्या रेगुलाच्या लग्नाची काळजी करू नकोस. मी करतोय तेवढी पुरे.

या गावाला भेट म्हणून शिवलेला झेंडा काल आपले होणारे व्याही आलोइस यांच्यासमोर उलगडला. काठीकडची पट्टी मी चुकीच्या कडेला शिवली होती. गावच्या चिन्हातल्या अस्वलाचं तोंड काठीकडे हवं, कारण लढाईत काठी पुढे असते आणि शत्रूही पुढेच. माझं अस्वल पाठ फिरवून पळत होतं.

आलोइस यांनी अस्वलावर बोट ठेवलं. "पाहुणे, आमचं अस्वल कुणाला घाबरलंय? तुम्हाला?"

"मला तर माझी बायकोसुद्धा घाबरत नाही," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

"लग्नाचं मग बघू," ते म्हणाले.

मी पट्टी उसवून दुसऱ्या कडेला शिवली. ती बघून ते एवढंच बोलले, "उद्या चौकात झेंडा चढवायची दोरी तुम्हीच ओढा."

हा मान आहे, की चूक कुणाची ते गावाला दाखवायचंय, मला कळेना. तुझा खोकला कसा आहे? तू मात्र लग्नाचे कपडे घेऊनच नीघ.

तुझी वाट बघणारा,
ऊर्स