शिनानोच्या दारावर कोण असतं

तात्या, मी ती जपानची नदी पाहून आले. तुम्ही आधी विचारलं असतंत, पाणी किती होतं? भरपूर होतं, डोळे निवतील एवढं. काठावर उभी राहून मी एकटीच हसत होते.

ब्याण्णव साल असेल. माझी दहावी झालेली. तुम्ही कोऱ्हाळ्याच्या कालव्यावर पाटकरी. पाण्याची पाळी आली की शेतांकडे जाणाऱ्या चारीचं दार उघडायचं, आणि कुणी पाणी वाया घालवलं की त्याला फैलावर घ्यायचं. मला बारामतीला डिप्लोमा करून पाटबंधाऱ्यात जायचं होतं. काका म्हणत होते, स्थळ बघा. तुम्ही काहीच बोलत नव्हतात, आणि मला त्याचाच राग येत होता. एके दुपारी तुमची भाकरी घेऊन आले, वाचनालयातलं पुस्तकही आणलं. तुम्ही जेवताय, मी वाचतेय. जपानची सगळ्यांत लांब नदी. डोंगरात तिला चिकुमा म्हणतात, खाली सपाटीला शिनानो. पुरात भातशेती बुडायची. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले, तेव्हा कुठे टेकड्या फोडून डाव्या हाताला कालवा काढला आणि पुराचं पाणी समुद्रात सोडलं.

तुमचा घास हातातच राहिला. "समुद्रात? मुद्दाम?"

"व्हय."

"आन् कुनी सस्पेंड न्हाय झालं? खुळी का काय तू, नीट वाच!" पुस्तक हिसकावून तुम्ही स्वतः वाचलंत, मग मांडीजवळ टाकलंत.

मी मातीत नकाशा काढला. एक दार जुन्या नदीवर, एक नव्या कालव्यावर. पूर आला की हे बंद, ते उघडं. शेतीला पाणी लागलं की उलटं. तुम्ही त्या रेघांवरून बोट फिरवत राहिलात.

"डोक्याचं काम हाय. तितं दारावर कोन असतं?"

"माज्यासारक्या पोरी."

"पुस्तकात हाय?"

"हाय."

"मग उद्या बारामतीला जाऊन फारम आनू."

पुढे मी इंदापूरला नोकरीला लागले, तेव्हा तुम्ही बाजारात भेटेल त्याला सांगायचात, "जपानात पोरीच दारं उघडत्यात!" मी लाजून पुढे चालायची. किती आनंदात होतात तुम्ही, तात्या!

पुस्तकात पोरींची एक ओळही नव्हती. समुद्राचं खरं वाटेना म्हणून पुस्तक हिसकावलंत. पोरींचं ऐकलंत तेव्हा ते तुमच्या मांडीजवळच पडलं होतं, आणि तुम्ही त्याला हात लावला नाहीत. तुम्हाला कळलं होतं का, हे विचारायचं मी तुमच्या शेवटापर्यंत टाळलं. हे पत्रही कुठे पाठवायचं नाही, याचं मला जरा बरंच वाटतंय.