तीन ट्रक, अर्धा आटा

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

तुटला! स्केटबोर्डचा, म्हणजे त्या चाकांच्या फळीचा, मधला बोल्ट — पार बुडापासून. संयोगिता बाजार समितीच्या ओट्यावरून तोंडावर पडली. हनुवटीला पाच टाके. तशी घरी आली तर उदयनं वर दोन कानाखाली ठेवून दिल्या. टाक्यांतनं पुन्हा रक्त.

ती माझी नात, सोळा वर्षांची. तो माझा पोरगा, चव्वेचाळीसचा. फौजेतून हवालदार होऊन परत आला. "फळीवर नाचवायला पोरगी काढली व्हय मी?" असं ओरडत होता. सूनबाई रेश्मा मध्ये पडली तर तिला असं ढकललं की ती कपाटावर आदळली.

मी पडवीत होतो. पडवीतच राहिलो. चौथीच्या पुस्तकातली श्रावणाची कविता मनात म्हणत होतो. सगळी कडवी आली. एकही चुकलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

संयोगितानं तुकडे माझ्यापुढं ठेवले. "आबा, तुमी फिटर. बघा की!"

साखर कारखान्याच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं काढली, पण असली वस्तू हाती आली नव्हती. फळीखाली पुढं एक, मागं एक. आडवा अक्ष, त्याच्या दोन टोकांना चाकं. मध्ये उभा बोल्ट, त्यावर रबराच्या दोन गोट्या, वर नट. अंग कललं की रबर दबतं आणि अक्ष वळतो. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही! आणि नाव काय, तर ट्रक. गॅरेजवाला रमजान पोट धरून हसला — "नाथाजीकाका, दहा टन ऊस बसंल का ह्यात?"

तुटल्या तोंडाकडं भिंगातून पाहिलं. अर्धं काळं, अर्धं चकचकीत. म्हणजे तडा जुनाच. पोरगी रोज त्यावर उभी राहत होती.

८ डिसेंबरला सांगलीत राज्याच्या संघाची निवड. उदयचा निकाल आधीच लागलाय — "पयल्या तिघांत आली तर बघू. न्हाईतर फळी हाय आन् कुऱ्हाड हाय."

पंचवीस दिवस.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ट्रकच्या तीन जोड्या जमल्या. चंदेरी ऑनलाइन मागवली. काळी आणि तांबूस पुण्याच्या तिच्या मैत्रिणीनं देऊनच टाकल्या. कंपन्यांची नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत, रंग राहतात.

आज बसतात कशा ते पाहिलं. फळी सव्वाआठ इंच. चंदेरीचा अक्ष आठ — चाकं आत दबतात, कडेवर पाय पडला की फळी उचलते. तांबूस साडेआठ — चाकं बाहेर, पाय मारताना टाच आपटते. शिवाय बुटकी! पूर्ण कललं की चाक फळीला घासतं आणि जाग्यावर थांबतं. फळी थांबते, माणूस नाही. तिनं खरचटलेली पोटरी दाखवली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालून उंची दिली, तरी मन भरलं नाही.

काळी सव्वाआठ. फळीच्या मापाचीच निघाली. भोकंही न झगडता जुळली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज वळण. ओट्यावर खडूनं गोल काढले, मोठ्यात लहान. कोण किती लहान गोलात फिरतं ते पाहायचं. संयोगिता फिरे, मी काठी टेकत मागं.

चंदेरी ताठ आहे. मोठ्या गोलातच फिरते, पण थरथरत नाही. तांबूस म्हणजे मंदाक्रांता! आधी चार पावलं जड, वळतच नाही, आणि मग एकदम धावत सुटते. तिथंच पोरगी दोनदा आपटली. कोपर सोललं. तिनं तांबूस ट्रकला अशी शिवी दिली की मी ऐकली नाही असं केलं.

आणि काळी! भुजंगप्रयात. लगागा लगागा लगागा लगागा — डावीकडं, उजवीकडं, सापानं वाट काढावी तशी. सगळ्यांत लहान गोलात फिरली. मी मोठ्यानं वृत्त म्हणायला लागलो तर पोरगी त्या तालावर वळायला लागली. "आबा, थांबू नगा, म्हणा!" कांदे उतरवणारे हमाल पोती टाकून बघत उभे.

रहिमतपूरच्या शाळेत गुरुजी हे वृत्त छडीनं शिकवायचे. गुरू अक्षराला छडी, लघूला नाही. एका ओळीत आठ छड्या. हाताची भाकरी व्हायची. पण पाठ झालं ते आजतागायत! काय दिवस होते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उदयनं रेश्माचा मोबाइल भिंतीवर फोडला. पोरीचे फळीवरचे व्हिडिओ होते त्यात.

२४ नोव्हेंबर, रविवार

टिकाऊपणा. रमजानच्या व्हाइसच्या जबड्यात एकेक ट्रक आवळला आणि पाच किलोचा घण घातला. प्रत्येकाला दहा, सारख्याच उंचीवरून. संयोगिता मोजत होती.

चंदेरी — सहाव्या घावाला अक्ष वाकला. लेथवर फिरवून पाहिला, दोन मिलिमीटरचा झोल. तांबूस — अक्ष सरळ, पण अंगाला बोटभर तडा. नवव्याला कान तुटून उडाला आणि रमजानच्या पत्र्याला भोक पाडून गेला. काळी — दहा खाल्ले. अक्षाच्या टोकाला नट बसतो तिथला एक आटा चेपला, बस्स. तो रमजाननं कानशीनं साफ करून दिला.

रमजान म्हणाला, "काका, दहा झाले, थांबा आता." मी अकरावा घातला होता. बारावाही. घामानं डोळ्यांपुढं अंधारलं, पण हात थांबेना. मजा येत होती. पंच्याहत्तराव्या वर्षी! लिहायला लाज वाटते, पण ही वही दुसरं कोण वाचणार?

काळी ठरली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

संयोगिता दिवेलागणीनंतर घरी आली. उदयनं पट्टा काढला. या वेळी मी पडवीतून उठलो. म्हटलं, "उदय, पोरीच्या अंगाला हात लावू नको."

तो हसला. असा हसला की पट्टा माझ्यावर पडता तर बरं झालं असतं.

"तुमी सांगताय? आवं आबा, कविता चुकली की माझं काय व्हायचं? इसरला व्हय? दंडावर वळ घिऊन शाळंत जायाचो मी. मास्तर इचारायचं, कुठं पडलास रं?"

रेश्मा दारात उभी. पोरगीही. मी म्हटलं, "तुला चांगलं वळण लागावं म्हणून—"

"व्हय," म्हणाला. "मंग मी काय करतुय?"

पट्टा पोरीवर पडलाच. तीन वेळा. ती माझ्याकडं बघत राहिली.

खोटं बोलतो तो. दिव्याखाली मांडीला मांडी लावून बसवायचो मी त्याला. ओळ मी म्हणायचो, मागून तो. इतका गोड आवाज होता.

१ डिसेंबर, रविवार

आठवलं. खोटं नाही. पंजा उघडा, अंगठा आत दुमडून मारायचो मी.

५ डिसेंबर, गुरुवार

काळी आता तिच्या पायाची झाली. वळणं सुईच्या नेढ्यातून काढल्यासारखी घेते. मात्र नट फार सैल ठेवते. बोटांनीसुद्धा फिरेल इतका! मी पाना घेतला तर माझा हात दाबून धरला. "आबा, सैल हाय म्हणून तर वळतंय. आवळलं की सरळ जातंय. हात न्हाई लावायचा."

कळतं मला. खडूचे गोल मीच काढले होते. पण चाळीस वर्षं एकच शिकलो, सैल नट माणूस खातो. सत्त्याऐंशीला कारखान्यात उसाच्या रोलरच्या कपलिंगचा नट सैल राहिला आणि माझ्या जोडीच्या आप्पासोचा हात कोपरापर्यंत आत गेला. ऊस पिळतात तसा. दुसऱ्या बाजूनं काय आलं ते मी धुतलंय.

आज ओट्याच्या उतारावर फळी भन्नाट सुटली तेव्हा मला त्या रोलरचाच आवाज आला.

७ डिसेंबर, शनिवार

उद्या पहाटे जीपनं सांगली. उदय स्वतः सोडणार! संध्याकाळी तिच्या गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या त्यानंच धुऊन दोरीवर टाकल्या. 

८ डिसेंबर, रविवार

परत आलो. 

सिमेंटचा मोठा हौद, कडा गोल वळलेल्या, दोन पुरुष खोल. आम्ही पोचलो तेव्हा एका कोल्हापूरच्या पोरीला बाहेर काढत होते. गळपट्टीचं हाड कातडीला आतून टोचत होतं. ती आई-आई करत नव्हती. नुसती हुंकारत होती, मुकं जनावर हुंकारतं तशी.

उदय आणि संयोगिता नाव लावायला गेले. फळी माझ्या मांडीवर. पाना माझ्या खिशात.

पुढच्या ट्रकचा नट. अर्धा आटा. फक्त अर्धा.

तिची पाळी आली. उदय कठड्याला रेलून उभा होता. पहिल्या वळणाला त्यानं टाळी वाजवली! शेजारच्या माणसाला म्हणाला, "माझी हाय ती." असा आवाज त्याच्या तोंडून मी त्याच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी मनात वृत्त धरलं. दुसरं वळण तिनं अंग ओढून घेतलं, मला दिसलं ते. तिसऱ्याला पुरती कलली — लगा — आणि पुढचा गा आलाच नाही. फळी सरळ गेली. ती कडेवर आपटली आणि खाली घसरत आली, सिमेंटवर लाल फराटा ठेवत. पुढचा दात गेला. उठली, पुन्हा चढली, वेळ संपली.

अकरावी.

 परतताना जीपमध्ये कराडच्या पुढं संयोगिता एकदाच म्हणाली, "माझ्या पायाचं चुकलं." उदयनं आरशातून पाहिलं. "फळीचं उद्या बघू," म्हणाला.

मी गप्प. कराडपासून रहिमतपूरपर्यंत गप्प! 

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी उदयनं कुऱ्हाड काढली. मी फळीपुढं उभा राहिलो आणि सांगून टाकलं — तिच्या पायाचं चुकलं नाही, नट मी आवळला.

संयोगितानं मला मारलं. दोनदा. कानात अजून घुमतंय. उघडा पंजा, अंगठा आत दुमडलेला.

तिसऱ्यांदा उगारलेला हात उदयनं वरच्या वर धरला. कुऱ्हाड त्यानं केव्हाच खाली टाकली होती. तिची बोटं त्यानं एकेक करून सरळ केली. अंगठा शेवटी. फळी भिंतीला होती तशी राहिली.

"आबा," म्हणाला, आवाज न चढवता, "ह्यो हात तुमचा हाय."