साठ टक्के रॉकबिली, चाळीस टक्के हवाईयन

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०
मुलीचे, डेलिशाचे, लग्न २८ डिसेंबरला. रिसेप्शनमधील वडील-मुलीच्या नाचाला डीजेचे संगीत नसेल. ते मी देणार. रॉकबिली आणि हवाईयन यांचे मिश्रण, प्रमाण ६०:४०. जुन्या अमेरिकन रॉकबिलीचा धावता ठेका, त्यावर हवाईयन गिटारचा घसरत जाणारा सूर. बोटीवर नोकरीस असलेल्या कायतानकाकांची गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवर पोलादी दांडी सरकवत मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी वाजवीत असे. कौशल्य गंजत नाही. तारा गंजल्या आहेत, बदलेन.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
डबल बास, म्हणजे माणसाएवढे उभे तंतुवाद्य, मालवणात मिळत नाही. शेजारच्या गुरुदासला घेतले. वीस वर्षे भजनात मृदंग वाजवतो. रॉकबिलीत बासवरही थापाच मारतात, तेव्हा तत्त्व एकच. तो म्हणाला, काही समजले नाही, पण येईन. अशी वृत्ती हवी.

८ डिसेंबर, रविवार
तिसरी तालीम. वेग निश्चित केला असूनही गुरुदास दर फेरीला चढतो आणि शेवटी गजर करतो. टकटक करून लय मोजणारा मेट्रोनोम दाखवला. त्या यंत्राला भक्ती नाही, असे त्याचे मत पडले. पत्नी सिल्व्हियाने विचारले, कोणाचे मांजर आजारी आहे काय. सुरांची घसरण तिच्यापर्यंत पोहोचते आहे.

१५ डिसेंबर, रविवार
डेलिशाने संध्याकाळचा अर्धा तास मागितला. दुसऱ्यांदा. नाताळनंतर पाहू म्हटले. प्रमाण ८५:१५ झाले आहे. ते सुधारणे अधिक निकडीचे.

२२ डिसेंबर, रविवार
रॉकबिलीला कपाळावर केसांचा फुगा आवश्यक. दमट हवेत जेल टिकत नाही. टिकवायला केस लागतात, असे सिल्व्हिया म्हणाली.

२७ डिसेंबर, शुक्रवार
आज रोस. परंपरेप्रमाणे डेलिशाला नारळाचा रस लावला. हात ओशट, सबब तालीम रद्द. डेलिशा काही बोलायला आली होती, पाहुण्यांमुळे राहिले. तयारी परिपूर्ण.

२९ डिसेंबर, रविवार
काल नाचाची घोषणा झाली. मी स्टेजवर, गिटार मांडीवर. गुरुदासने ठेका धरला. डेलिशा गाऊन सावरत हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली. एकटी. सुरांची वाट पाहत असावी, असे मला वाटले.

गुरुदास ठेका न सोडता कानाशी वाकला. "अरे, तू हंय बसलंस तर चेडवावांगडा नाचतलो कोण?"

मुलीबरोबर वडिलांनी नाचायचे असते, हा मुद्दा पस्तीस दिवसांच्या नियोजनात नव्हता.

खाली उतरलो. डेलिशा हळूच म्हणाली, "महिनोभर नाच शिकवूक फिरतंय तुमच्या पाठसून, पप्पा."

गुरुदास एकटाच वाजवीत राहिला, आणि चढला. गजरापर्यंत सारा हॉल टाळ्यांचा ताल धरून होता आणि गाऊनवर माझा पाय चार वेळा पडला होता. डेलिशा हसत होती की रडत, कळले नाही. हात मात्र तिने सोडला नाही.

हवाईयनचे अंतिम प्रमाण शून्य टक्के.

आज सकाळी सिल्व्हियाने विचारले, गिटार कुठे. हॉलवरच राहिली आहे. मलाही आठवण झाली नव्हती.