शेंड्यावरचा गड्डा

३ जून
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडून निघाले तेव्हापासून ती कढई डोळ्यांपुढून जात नाही. आईच्या मागे तिला कुणी हात लावलेला नाही, आत कोळ्यानं संसार थाटलाय. तुम्ही चहा-पावावर दिवस काढता आणि वर मला सांगता, मी अगदी मजेत आहे. सदऱ्याची कॉलर मानेभोवती गोल फिरते बाबा. शिंप्याच्या लेकीला एवढं तरी कळतं.

इकडे या. मागची खोली रिकामी केली आहे. नाहीच म्हणाल, हे ठाऊक आहे, म्हणून पैज लावते. बसवाल्या काकांबरोबर ब्रसेल्स स्प्राउटची चार-सहा रोपं पाठवली आहेत. कोबीचीच जात, थंडीत तयार होते. थंडी सरायच्या आत घरी पिकवलेलं, स्वतः शिजवलेलं ताटात घेऊन जेवलात, तर पुन्हा 'या' म्हणणार नाही. नाहीतर शिलाई मशीन बांधायचं आणि मुकाट्यानं यायचं. कबूल?

रागवा हवं तर, पण माया कमी करू नका.
तुमची,
खारूताई

२० सप्टेंबर
चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पैज कबूल. पण काय गं ही तुझी रोपं! माझ्या कमरेला लागली. वाऱ्यानं डुलायला लागली म्हणून प्रत्येकाला काठी दिली, जुन्या कापडाच्या पट्ट्यांनी बांधली, बुंध्याशी माती पायानं घट्ट दाबली. शेजारचे मास्तर कुंपणावरून रोज विचारतात की ही भाजी आहे की छत्री. म्हटलं, दम धरा. मधूनमधून कात्रीही चालवतो. वेडीवाकडी वाढ मला कापडात कधी खपली नाही, वाफ्यात काय खपणार?

दवाखान्यात पाळ्यांवर पाळ्या करतेस, तू तरी वेळेवर जेवतेस का? मला शिकवायला निघालीय मोठी.
आठवण ठेव.
बाबा

८ नोव्हेंबर
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

इकडे कडाक्याची थंडी पडली. तिकडे कोबी धरले का? दीड महिना तुमची एक ओळ नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. खरं काय ते लिहा. खोलीत खाट टाकून ठेवली आहे.
वाट बघणारी,
खारूताई

२ डिसेंबर
चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

हरलो बाई. शेंड्यावर आज गड्डा धरेल, उद्या धरेल म्हणून रोज जाऊन बघतो, तर वर नुसती पानांची टोपी. मी आपल्याकडून काही कमी केलं नाही. टोमॅटोच्या बगलेतले फुटवे आपण खुडतो ना, तशा इथेही पानापानाच्या बगलेत गाठी आल्या. सगळा जोर त्यांनीच खाल्ला तर वर गड्डा यायचा कुठून? बारक्या असताना कात्रीत सापडत नाहीत, म्हणून चांगल्या सुपारीएवढ्या झाल्या की खालपासून छाटत आलो. पण चिवट किती! त्या छाटाव्यात, तर वरच्या बगलेत दुसऱ्या हजर.

छाटलेलं फेकवेना. चिंधी न टाकणारा माणूस मी. शेवटी कढई घासली, त्या गाठी अर्ध्या चिरल्या आणि लोण्यावर परतल्या, वर मीठ-मिरपूड. पहिल्यांदा इतक्या शिजवल्या की वासानं मास्तरांनी खिडकी लावून घेतली. आता कडा लालसर झाल्या की उतरवतो. थंडी पडल्यापासून गोड लागतात. मास्तरही आपलं ताट घेऊन येतात. रोजचंच झालंय आता.

पण पैज ती पैज. मशीन चादरीत बांधलं. जन्मभर ज्या खिडकीशी बसून शिवलं, तिथून उठायचं अगदी जिवावर आलंय गं. तरी शब्द दिलाय. कधी निघू ते कळव.
बाबा

९ डिसेंबर
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग रडू आलं. अहो बाबा, त्या गाठी म्हणजेच पीक! ब्रसेल्स स्प्राउट म्हणतात ते त्या पिटुकल्या कोबींनाच. शेंड्यावर गड्डा धरतच नाही. 'कोबीची जात' एवढंच लिहून मी मोकळी झाले, तुम्ही तरी काय करणार?

खरं सांगू? गप्प बसावंसं वाटलं. तुम्ही निघालाच होता. मी चकार शब्द काढला नसता तर आठवड्याभरात इथे असता. दोन दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. मला तुम्ही इथे हवे होता, अजूनही हवे आहात. पण बाबा, तुम्ही कढई घासलीत. रोज चूल पेटवता, वर मास्तरांना वाढता. मग मी कुठल्या तोंडानं 'या' म्हणू?

जिंकलात. मशीन सोडा.
तुमची,
खारूताई

१५ डिसेंबर
चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मास्तरांना वाचून दाखवलं, त्यांना हसून हसून ठसका लागला. सगळ्या गावभर करणार आता. करू देत. मशीन पुन्हा खिडकीशी लावलं.

एक झाड तुझ्या नावानं राखलंय, त्याला कात्री लावणार नाही. रजा काढून ये आणि तुझ्या हातानं तोड. कढईशी मात्र मी उभा राहणार. येताना त्या मागच्या खोलीच्या खिडकीचं माप आण. पडदे शिवतो. ते टांगायला मीच येईन, चांगला महिनाभर राहीन, पाहुणा म्हणून.

खाट काढू नकोस.
बाबा