मोहल्ल्यामधून गेलेली रेघ

अम्मा, चार दिवस झाले तुझ्याशी बोलायचं मनात आहे, म्हणून आज मुलीच्या वहीतला मागचा कागद फाडून बसले. माझी शाळा सातवीत सुटली, तुला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा चुकलं तरी बघणार कोण. मी खोर फक्कानला राहते. तू होतीस तेव्हा हे नाव घरात कुणी घेतलं नव्हतं, आपल्याकडे गल्फ म्हणजे दुबई नाहीतर कुवेत आणि खलास. इथं पुढं समुद्र आहे, पाठीला डोंगर आहे, पण डोंगरावर गवताची काडी नाही. तू न बघितलेला तुझा जावई बंदरात ट्रेलर चालवतो. तुझी नात सात वर्षांची झाली. मी तिला मराठीत विचारते, ती मला इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघींना वाटतं आपण बोललो.

झालं असं की आपल्या गावाचे वॉर्ड परत पाडायला घेतलेत. खालाचा, तुझ्या बहिणीचा, फोन आला. तिचा आवाज अजून तसाच आहे, फोन कानापासून लांब धरावा लागतो. म्हणाली, "परत तोच धंदा, गो. रेघ आपल्या मोहल्ल्यामधून काढली. विहिरीच्या गल्लीच्या अलीकडची घरं बाजारपेठेत, पलीकडची वरच्या वाडीत. आपलं माणूस कुठंच निवडून यायचं नाय. कब्रस्तानाची वाट बघितलीस का? मयत न्यायची तर गुडघाभर चिखल. गेल्या वेळी खांदेकरी घसरले. सांगायचं कुणाला?" हरकत घ्यायला आठ दिवस होते. मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येक बाईची सही पाहिजे होती. "तुझं नाव हाय यादीत. कागदावर सही करून फोटो पाठव." मी बघते म्हटलं आणि फोन ठेवला.

मी कशाला घाबरले ते तुला सांगते, हसू नको. हरकत घेतली की नाव पुढं येतं. समोरच्या कुणी उलट अर्ज दिला की ही बाई परदेशात राहते, हिचं नाव यादीतून काढा, तर? इथं आमचं सगळं नोकरीवर आहे. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की सामान बांधून परत. परत म्हणजे कुठं? त्याच गावात, तुझ्याच घरात. तिथल्या यादीतूनपण नाव उडालं तर माझ्या मुलीनं उद्या विचारलं आपण कुठले, तर मी काय दाखवू? जावयाला विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, "कशाला नाव पुढं करतेस? आपण गप बसून आहोत म्हणून बरे आहोत." वाईट माणूस नाही तो. तोपण घाबरतो, फक्त त्याचं घाबरणं शहाणपणासारखं दिसतं.

मला तो दिवस सारखा आठवतो. मी सहावीत आहे. आपल्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, मोहल्ल्यातल्या बायका भिंतीला टेकून बसल्यात. पुरुष सगळे गल्फला, कुणाचा नवरा दोन वर्षांनी येतो, कुणाचा चार. तू बिड्याच्या तव्यावर घावणे काढतेस आणि एकीला पण नीट कळत नाही की वॉर्ड बदलला तर आपलं काय जातं. चार घरं इकडं, चार तिकडं, त्यात काय, असं सगळ्या म्हणतात. तू उलथणं ठेवलंस, फळीवरून चिंचोक्यांची बरणी काढलीस आणि जमिनीवर बारा चिंचोके मांडलेस. डब्यातले वाल घेतलेस. "हे आपण," चिंचोक्यांना हात लावून म्हणालीस, "आणि ही बाकीची वस्ती." बारा चिंचोक्यांभोवती चार वाल ठेवलेस. "कोण जिंकला?" बायका म्हणाल्या, आपण. मग चुलीतली राख बोटावर घेऊन तू चिंचोक्यांच्या मधून रेघ ओढलीस. सहा इकडं, सहा तिकडं. ह्या सहांजवळ बाजारपेठेचे दहा वाल ठेवलेस, त्या सहांजवळ वरच्या वाडीचे दहा. "आता कोण जिंकला?" बायका पुढं सरकून वाल मोजायला लागल्या. "चिंचोके कमी झाले का? एक तरी हरवला? नाय ना? फक्त रेघ हलली."

मी तेव्हा एक चिंचोका उचलला होता, खेळायला. तू फाटकन हातावर मारलंस. "ठेव जाग्यावर. ती तुझी खाला हाय." आणि खाला भिंतीकडून ओरडली, "लवकर ठेव गो मला, वरच्या वाडीत एकटी नको पाठवू, तिथं माझी सासू राहते!" अख्खं स्वयंपाकघर हसलं. एक घावण करपलं त्यात. ते तू मलाच खायला लावलंस.

नंतर सुनावणीला आपण एसटीनं तालुक्याला गेलो. चौदा बायका आणि मी. मला तू वाचायला म्हणून नेलंस. कचेरीतला कारकून म्हणाला, "एवढ्या बायका कशाला? तुमचे पुरुष कुठं आहेत?" तू म्हणालीस, "गल्फला हायत. पाणी आम्ही भरतो साहेब, म्हणून आम्ही आलो." आतल्या मोठ्या साहेबानं नकाशा पसरला. तुला नकाशा कळत नव्हता. तू एवढंच विचारलंस, "ह्यात विहीर कुठं हाय?" साहेबाला सापडेना. मी बोट ठेवलं. तू म्हणालीस, "विहीर ज्यांची एक, त्यांचा वॉर्ड दोन कसा?" साहेब हसला नाही, चिडला पण नाही, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. पण मला मोठ्यानं अर्ज वाचायचा होता तो मी इतका हळू वाचला की मागच्या बायकांना ऐकू गेला नाही. स्टँडवर तू बोललीस मला. "घरात तुझ्या आवाजानं भांडी पडतात, आणि तिथं कुठं गेला होता तो?" मी रडले. मग तू टपरीवरून मला निळं बॉलपेन घेऊन दिलंस आणि म्हणालीस, धर, बोलायला नाय जमत तर लिही.

त्या वेळी रेघ मागं गेली, पऱ्याच्या पाण्यापर्यंत. मोहल्ला एका वॉर्डात राहिला, आपल्यातली बाई पंचायतीत बसली, आणि दीड वर्षात नळ आला. नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा तू कळशी भरून तशीच ओट्यावर ठेवलीस आणि कुणाला हात लावू दिला नाहीस. तुला तो नळ फक्त तीन वर्षं मिळाला. मी पंधराची होते.

इथं आमच्या समोरच्या दारात एक अमेरिकन टीचर राहते. ब्लॅक आहे. आपल्याकडे म्हणतात तसलं काहीतरी मी पहिल्यांदा घरात बोलले होते, त्याची मला आता लाज वाटते, कारण माझी मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा तीच गाडी काढून घेऊन गेली. तिला मी कधी घावणे देते, ती मक्याचा केक देते. माझं इंग्लिश मोडकं, तिचं हिंदी म्हणजे अच्छा आणि शुक्रिया, मग मधे तुझी नात. खालाच्या फोननंतर दोन दिवसांनी मी मुलीला घेऊन वाटी परत द्यायला गेले तर ती फोनवर आईशी बोलत होती आणि डोळे लाल. मी हातानंच विचारलं, काय झालं. ती बोलत राहिली, आणि माझी मुलगी पाय हलवत हलवत म्हणाली, "मम्मा, दे कट हर मॉम्स नेबरहुड. ऑन द मॅप. सो देअर व्होट्स डोन्ट काउंट."

अम्मा, मी म्हटलं, विचार तिला, रेघ कुठून काढली? ती म्हणाली, आमच्या चर्चच्या रस्त्यातून. एका बाजूचे लोक एकीकडं, दुसऱ्या बाजूचे दुसरीकडं, दोन्हीकडं आम्ही थोडे. तिची आजी मत द्यायला गेली की तिला कायद्याचा कागद वाचायला द्यायचे आणि कितीही नीट वाचला तरी नापास करायचे. आता तसं करत नाहीत, ती म्हणाली, आता नकाशा काढतात. तिची आई गुडघे दुखतात तरी प्रत्येक मीटिंगला जाते, बसायला घडीची खुर्ची स्वतःची नेते. मला एवढं सगळं बोलून दाखवता येईना, म्हणून मी तिच्या टेबलावरच्या खजुराच्या बिया गोळा केल्या, तिच्या डब्यातले राजमे घेतले, आणि पिठानं रेघ ओढली. ती बघत राहिली. मग तिनं आईला व्हिडिओ लावला आणि म्हणाली परत कर. त्या म्हातारीनं चष्मा वर केला, दोनदा बघितलं, आणि काहीतरी बोलली. मुलगी म्हणाली, "शी सेज, हू टॉट यू?" मी म्हटलं, सांग, माझ्या आईनं. म्हातारी म्हणाली, नकाशाची केस चालू आहे, तिला आमच्या कोर्टात पाठव. मी म्हटलं, ती वारली. ती म्हणाली, मग तू ये.

टीचरनं मला विचारलं, तू सही केलीस का? मी नाही म्हटलं. ती मला काही शिकवायला गेली नाही. म्हणाली, मलापण इथं बसून भीती वाटते, आई तिकडं एकटी आहे. पण तिला इथून पाकिटात घालून मत पाठवता येतं. आपल्याला मत द्यायचं तर विमानानं जायला लागतं, आठशे दिरहम, म्हणजे जवळजवळ एकोणीस हजार रुपये, तेपण सीझन नसेल तर. माझ्याकडं त्या कागदावरची सही सोडून दुसरं काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी जावई ड्युटीवर होता. मी सही केली. तीनदा केली, पहिल्या दोन वाकड्या आल्या. फोटो काढून खालाला पाठवला. तासभर मला फार बरं वाटलं, मी चहासुद्धा दोनदा पिले. मग तो घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, आमच्यातल्या एकाला काढून टाकलं, महिन्यात जायचंय त्याला, पोरांची शाळा अर्धी. त्याचा आपल्या सहीशी काही संबंध नव्हता, ते मलापण कळत होतं. पण तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी फोन घेतला.

सुनावणी परवा झाली. निकाल अजून नाही, इन्शाल्ला लागेल. खालानं तिथूनच फोन केला, पाठीमागं बायकांचा कलकलाट. "साहेबानं तुझं नाव मोठ्यानं वाचलं गो! विचारलं, ही कुठं आहे? मी म्हटलं, नवऱ्याबरोबर गल्फला हाय, पण घर इथं हाय, आईची कबर इथं हाय, आणि कबरीची वाट पण ह्याच वॉर्डात हाय. सगळ्या म्हणतात, आईवर गेली." मी विचारलं, माझा कागद मिळाला? म्हणाली, "मिळाला म्हणजे? तू पाठवलास तशी झेरॉक्सवाल्याकडं पळाले, मला काय फोनमधलं दिसतं? नंतर तू काय पाठवून पुसलंस ते?" मी म्हटलं, काही नाही, चुकून गेलं होतं.

अम्मा, चुकून नव्हतं गेलं. मी सहीचाच फोटो पुसला होता. आता माझं नाव तिथं वाचलं गेलंय आणि मी ते परत काढून घेणार नाही, कुणी विचारलं तर हो माझंच आहे म्हणेन, जावयालापण शुक्रवारी सांगणार आहे. पण ते धाडस माझं नव्हतं, खालाच्या घाईचं होतं. तिला आणि त्या सगळ्या बायकांना मी हे सांगणार नाही. हा कागद घडी करून माझ्याकडंच राहील. तुला तेवढं खरं माहीत असू दे.