ड्रायसूटमधलं पाणी

टोर्गाइर,

दाराशी बादली ठेवली आहे, तिला लाथ मारू नकोस. त्यातलं पाणी, थेंबभरही आत येऊ नये म्हणून घालतोस त्या तुझ्या ड्रायसूटमधून निघालंय.

सकाळी तू घोरत होतास तेव्हा तो अंगावर चढवून मी धक्क्याच्या उतारावरून मानेपर्यंत पाण्यात गेले. पाच मिनिटांत पाय शिशासारखे झाले. बाहेर येऊन सूट उलटा केला तर एवढं निघालं. गळ्याचं रबर आवळतं म्हणून तू ते कात्रीनं कापलंस, आणि वर मला म्हणालास, "आता बघ कसा मोकळा श्वास येतो!" मोकळी वाट तू पाण्याला करून दिलीस, गाढवा.

"बाहेर किती ऊन आहे गं" हे मला ऐकवू नकोस. ऊन वर असतं, पडायचं खाली असतं, आणि खालचं पाणी सहा डिग्री आहे. माझा भाऊ अस्लाकही असाच ऊन बघून सुती शर्टात कॉड मासे धरायला गेला होता.

सूटला नवा गळा बसवायला मी मोल्डे शहरात नेतेय. आठवडा लागेल, तोवर बहिणीकडेच राहीन. फ्रीजमध्ये माशाच्या वड्या आहेत.

थांब म्हणणं मी सोडलंय. तीन वर्षं भिंतीशी बोलले. उद्या तू जीन्स घालूनच ती चिंचोळी कयाक होडी पाण्यात काढणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग लाइफ जॅकेट तरी घट्ट बांध. माझ्या भावानं बांधलं होतं, म्हणून पुरायला तरी तो सापडला.

गुनव्होर