खिडकीतून वर झालेला माझा हात मोजू नये, याबाबत

प्रति,
मा. सचिव,
सभासद सभा व डीकन मंडळ,
बॅप्टिस्ट मंडळी,
कार्यालय : उपासनागृहामागची खोली

अर्जदार : मंडळीत ‘हौदमावशी’ या नावाने ओळखली जाणारी सभासद, नात्याने आपली पत्नी

विषय : माझ्या सेवामुक्तीच्या ठरावातील ‘एकमताने’ हा शब्द काढून टाकण्याबाबत, ते न जमल्यास सभासदत्व बदलीचे पत्र मिळण्याबाबत.

संदर्भ : १) मागील सभासद सभेतील ठराव.
२) त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात आपण दिलेले तोंडी उत्तर : “घरी बोलू.”
३) घरी धड न झालेले बोलणे.

महोदय,

१. आपण आणि मी एकाच छपराखाली राहतो, तेव्हा लेखी अर्जाचे कारण काय, असा प्रश्न आपल्याला पडेल. मलाही पडला होता. म्हणून आधी मी मंडळ्यांच्या संघाच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावले की बॅप्टिस्ट मंडळ्यांत वर कुणी साहेब नसतो. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपल्या सभासदांच्या मताने चालवते, त्यामुळे तक्रार असल्यास ती आपल्याच मंडळीच्या सचिवांकडे द्यावी. सचिव माझेच यजमान आहेत, असे सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा विचारून घेतले. मग त्या म्हणाल्या, “तरीसुद्धा लेखीच द्या.” त्यानुसार हा अर्ज सादर करीत आहे. तो घरी टेबलावर न ठेवता कार्यालयाच्या पेटीत टाकला आहे. वाचताना जवळचा चष्मा लागेल. तो नेहमीप्रमाणे फ्रिजवर राहिला असेल.

२. हा अर्ज मंडळीचा कारभार पाहणाऱ्या डीकन मंडळापुढेही जाईल, म्हणून माझ्या सेवेची माहिती थोडक्यात देते. आपल्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लावत नाहीत. माणूस कळता झाला, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करू लागला, की त्याला अख्खा पाण्यात बुडवून वर काढतात; हाच बाप्तिस्मा. बुडवण्याचे काम पाळकसाहेबांचे, बाकीचे माझे. व्यासपीठाच्या फळ्या उचलणे, खालचा हौद घासणे, रबरी नळीने तो भरणे, पाणी तापवायची सळई सोडणे आणि माणूस उतरायच्या आधी ती आठवणीने काढणे, कोपर बुडवून पाणी बघणे, हे सारे त्यात आले. पांढरे झगेही माझ्याच हातचे आहेत. पाण्यात फुगून वर येऊ नयेत म्हणून त्यांच्या काठांत पडद्याची वजने शिवली आहेत. सगळ्यांत शेवटी टॉवेल पसरून पायरीवर उभे राहायचे. आपल्या लग्नाच्या आधीपासून मी हे करीत आले. पाण्यातून वर आलेला माणूस पायरीकडे वळतो तेव्हा त्याला आधी मी दिसते. त्यात मोठेसे काही नाही, पण मला ते आवडायचे.

३. आता खिडकीविषयी. नव्या सभासदांना ही पद्धत ठाऊक नसेल. सभासद सभा उपासनेनंतर मागच्या सभागृहात भरते आणि सभेनंतर चहा असतो. तो आपोआप होत नाही. तो करणाऱ्या बायका शेजारच्या स्वयंपाकघरात असतात आणि मधल्या भिंतीत कपबश्या द्यायघ्यायची एक खिडकी आहे. मतदानाची वेळ आली की सचिव समोरचे हात मोजतात आणि मग भिंतीकडे तोंड करून विचारतात, “खिडकी?” आतल्यांनी हात बाहेर काढायचा. ठराव कशाचा आहे हे आत क्वचितच ऐकू येते. पंखे घेणे असो, बाक रंगवणे असो, खिडकीने कधी हात आखडता घेतलेला नाही. मी स्वतः कपबश्या विसळता विसळता दोन पाळकसाहेब निवडले आहेत. हा बेजबाबदारपणा आहे असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. बाहेर आपलीच माणसे बसली आहेत, ती भलतेसलते काही मांडणार नाहीत, एवढ्यावर आम्ही हात बाहेर काढत होतो. शिवाय मोजायला आपण होतात.

४. त्या रविवारी माझ्याबरोबर आत नर्सबाई होत्या. ठराव मांडला गेला तेव्हा त्या बिस्किटांचे ताट ठेवायला बाहेर गेल्या होत्या. पातेल्यात आधण आले होते, नळ सोडलेला होता, मी एकटीच होते. आपण ठराव अगदी हळू वाचलात, असे नर्सबाई सांगतात. ऐकून त्या ताट घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. पुढचे “खिडकी?” मात्र आपण खणखणीत विचारलेत. मी साबणाने भरलेला हात बाहेर काढला. आपण माझ्याकडे पाहिलेत. ती नजर मला पक्की आठवते, कारण आपण पाहिलेत म्हणून मी हसले होते. आपणही हसल्यासारखे केलेत, मान खाली घातलीत आणि लिहिलेत, ‘एकमताने’.

मग लोक चहाला खिडकीशी आले. कंत्राटदार म्हणाले, “मावशी, याला मोठं मन लागतं.” मी म्हटले, आज साखर जरा जास्तच पडली आहे. शिवणवर्गाच्या बाईंनी माझा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे पुसले. मला वाटले, त्यांच्या घरी काही झाले असावे. मी त्यांचीच समजूत काढत बसले. एवढ्यात पाळकसाहेब फुलांचा गुच्छ घेऊन आत आले आणि म्हणाले, “खूप केलंत. आता विश्रांती घ्या. पायरीवरून घसरलात ते कळलं आम्हाला. जपा.” आपली सेवा संपली, हे मला असे समजले. त्या मंडळीत ते कळणारी मी शेवटची.

५. पाळकसाहेबांच्या बोलण्यातले ‘घसरलात’ हे माझ्या तक्रारीचे मूळ आहे. त्याचा खुलासा करते. आधीच्या बाप्तिस्म्याला खालच्या ओल्या पायरीवर माझा पाय सरकला. समोरून एक सभासद नुकतेच पाण्यातून वर येत होते; मी त्यांच्याच झग्याला धरले आणि त्यांनी मला सावरले. आनंदाच्या भरात मावशींनी मिठी मारली, असे त्यांना वाटले. बघणाऱ्यांनाही तसेच वाटले, काहींनी टाळ्या वाजवल्या. खरे काय झाले ते मी फक्त एका माणसाला सांगितले. घरी, नाश्त्याच्या वेळी, हसत हसत सांगितले, आणि सांगता सांगता माझे हसणे थांबले. मी म्हटले, त्या क्षणी मला भीती वाटली हो, पायांचा भरवसा वाटेना. त्या माणसाने माझ्या गुडघ्याला मलम लावून दिले. फार हळुवारपणे लावले. त्याच आठवड्यात डीकन मंडळाची बैठक झाली आणि माझा गुडघा तिथे ‘सुरक्षिततेची बाब’ म्हणून मांडला गेला.

६. आपण हे काळजीपोटी केलेत, असे आपले म्हणणे आहे, आणि ते मी खोटे मानत नाही. आपण काळजी करता हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? पण माझी काळजी होती तर ती माझ्यापाशी बोलायची होती. तुम्ही ती माझ्या पाठीमागे सगळ्या डीकनांपाशी बोललात, आणि मला मात्र खिडकीतून विचारलेत. (वरील ओळीत ‘तुम्ही’ चुकून लिहिले गेले आहे, ‘आपण’ असे वाचावे.) जेवताना नुसते म्हणाला असतात, “आता पुरे कर,” तर मी आकांडतांडव केले असते, चार दिवस तोंड फुगवून बसले असते, आणि मग मुकाट्याने हौदाची किल्ली काढून दिली असती. आपण माझ्या त्या चार दिवसांना घाबरलात. इतकी वर्षे माझ्याबरोबर काढून माझ्या रुसव्याला घाबरलात आणि शंभर माणसांसमोर माझा हात वर करून घेतलात.

७. कार्यवाहीच्या सोयीसाठी घरी झालेले एकमेव संभाषणही नोंदवते. आपण बूट काढत असताना मी विचारले, मला आधी का सांगितले नाही? आपण म्हणालात, “तू ऐकलं नसतंस.” मी म्हटले, मग निदान नाही म्हणायला तरी मिळाले असते. त्यावर आपण बूट जागेवर ठेवलेत आणि म्हणालात, “पण तुझाही हात वर होताच की.”

त्या घटकेपर्यंत मला वाटत होते की मोजताना आपली चूक झाली असेल, घाईत हात मोजला गेला असेल. या वाक्यानंतर तसे वाटायला जागा उरली नाही. ठराव माझ्या हाताशिवायही आरामात मंजूर होत होता. आपल्याला माझे मत नको होते. घरी आल्यावर माझे तोंड बंद करता यावे, म्हणून माझा हात हवा होता.

८. गैरसमज नको म्हणून लिहिते : सेवेवर आता जी माणसे नेमली आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी काडीची तक्रार नाही. नंतरचा बाप्तिस्मा मी मागच्या बाकावरून पाहिला. पाणी बरे तापले होते. टॉवेल घेऊन उभी राहिलेली मुलगी नीट उभी होती, पाण्यातून येणाऱ्याकडे बघून हसत होती. काहीतरी बिघडावे, निदान एखादा झगा तरी फुगावा, असे क्षणभर माझ्या मनात आले, हे कबूल करते. काही बिघडले नाही. मला ‘मानद सल्लागार’ केले आहे. अद्याप कुणी सल्ला विचारलेला नाही आणि विचारण्यासारखे फार काही उरलेलेही दिसत नाही. त्याचे दुःख माझे मी निस्तरीन.

९. त्या पायरीवर उभे राहून एक मात्र मी शिकले. ओला झालेला माणूस काहीही बोलतो. कुणी मेलेल्या आईला हाक मारतो, कुणी वर येताच माझी चप्पल कुठे आहे म्हणून विचारतो. एका बाईंनी माझ्या कानात अशी गोष्ट सांगितली की ती ऐकून मीच टॉवेलने तोंड पुसले. त्यातले एक अक्षर मी बाहेर नेले नाही. माझ्या तरुणपणी एक उमेदवार ऐन वेळी पाण्याला भ्याला आणि हौदाची कड सोडेना. पाळकसाहेब वर बघून प्रार्थना करीत होते. मी खाली वाकून त्याची बोटे एकेक करून सोडवली आणि हळूच म्हटले, मी इथेच आहे. तो उमेदवार कोण, हे मी आजतागायत कुणाला सांगितलेले नाही. या अर्जातही लिहीत नाही, कारण अर्ज डीकन मंडळापुढे ठेवला जाईल आणि त्या माणसाला तिथे मान आहे.

१०. सबब, माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे.

(अ) येत्या सभासद सभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाईल. एकदा ते कायम झाले की माझा हात कायमचाच वर राहील. त्याआधी आपण उभे राहून एक वाक्य बोलावे : खिडकीतला तो हात म्हणजे मत नव्हते, आणि मोजताना हे मला माहीत होते. ठराव रद्द करू नये. मला किल्ली परत नको. फक्त ‘एकमताने’ हा शब्द खोडावा आणि तो सर्वांसमोर आपल्या हाताने खोडावा.

(ब) एवढे आपल्याला जमणार नसेल, तर पुलापलीकडच्या मंडळीच्या नावे माझ्या सभासदत्व बदलीचे पत्र द्यावे. रीतीप्रमाणे त्यात ‘सदर सभासदांची वागणूक चांगली आहे’ असे सचिवांना लिहावे लागते. ते लिहिताना आपल्याला अडचण येऊ नये. त्या मंडळीत माझे ओळखीचे कुणी नाही. त्यांचा हौद मी पाहिलेला नाही आणि पाहायला मागणारही नाही. कुठल्यातरी बाकावर बसेन. मत मागितले तर आधी ठराव पुन्हा मोठ्याने वाचायला सांगेन.

(क) या अर्जाचे उत्तर घरी तोंडी देऊ नये. आपल्या दोघांत बोललेले कुठवर जाते, ते मी पाहिले आहे. दरम्यान आपल्या सकाळच्या गोळ्या नेहमीच्या जागी काढून ठेवल्या जातील. त्याचा अर्थ अर्ज मागे घेतला, असा काढू नये.

११. त्या रविवारी चहा नर्सबाई करतील. मी सभागृहात समोरच्या बाकावर बसणार आहे. आपण ते वाक्य बोललात, तर सभा संपल्यावर दाराशी माझ्यासाठी थांबावे; आपण बरोबर घरी जाऊ. बोलला नाहीत, तर पत्र तिथेच माझ्या हातात द्यावे आणि थांबू नये.

कळावे.

आपली नम्र,
(सही)
हौदमावशी
सोमवार

सोबत : सभासदत्व बदलीच्या पत्राचा मसुदा, माझ्या हस्ताक्षरात. आपल्या सहीपुरती जागा मोकळी सोडली आहे.